बॅकअपसाठी संपीडन-स्वरूपाची निवड : सुसंगततेच्या निकषाची चिकित्सा

प्रस्तावना

महाविद्यालयाचे कार्यालय, परीक्षा विभाग आणि ग्रंथालय यांचे दप्तर गेल्या दोन-अडीच दशकांत कागदावरून मोठ्या प्रमाणात संगणकावर आले. त्याबरोबर ‘बॅकअप’ हा शब्दही आला आणि गुणवत्ता हमी कक्षाच्या प्रश्नावलीपासून वार्षिक अहवालापर्यंत सर्वत्र स्थिरावला. बॅकअप घेतला जातो काय, या प्रश्नाला बहुतेक ठिकाणी ‘होय’ असेच उत्तर मिळते. तो कोणत्या स्वरूपात घेतला जातो आणि दहा-पंधरा वर्षांनी ते स्वरूप कोण उलगडू शकेल, हे प्रश्न मात्र क्वचितच विचारले जातात. बॅकअपच्या आज्ञावलीत संपीडनाचा, म्हणजे कॉम्प्रेशनचा, पर्याय असतो. त्याखाली झिप, सेव्हन-झेड, जीझिप, एक्सझेड, झेडस्टँडर्ड अशी नावे असतात. आज्ञावली बसवून देणाऱ्याने त्यांतले जे निवडले तेच पुढे वर्षानुवर्षे चालू राहते.

या निवडीविषयी जे लेखन आढळते त्याचा भर प्रायः दोन गोष्टींवर असतो : फाईल किती लहान झाली आणि त्याला किती वेळ लागला. दोन्ही गोष्टी मोजता येतात, त्यांचे तक्ते करता येतात, म्हणून त्यांना निकषाची प्रतिष्ठा मिळाली आहे. प्रस्तुत लेखाचा आक्षेप या प्रतिष्ठेवर आहे. असे तक्ते बॅकअप घेण्याच्या दिवशी, त्याच यंत्रावर, त्याच आज्ञावलीने तयार होतात. बॅकअपची गरज मात्र अशा दिवशी पडते की ज्या दिवशी ते यंत्र बिघडलेले असते, आज्ञावलीचा परवाना संपलेला असतो आणि ती बसवणारी व्यक्ती संस्था सोडून गेलेली असते. पंधरा वर्षांपूर्वीच्या निकालाची प्रत मागणारा माजी विद्यार्थी खिडकीपाशी उभा असताना त्या फाईलने किती टक्के जागा वाचवली होती, याला काही अर्थ उरत नाही. ती उघडते की नाही, एवढाच प्रश्न असतो.

जतन आणि वाचन

जतन झालेली वस्तू वाचता येईलच असे नाही, हे महाराष्ट्रातील इतिहासाच्या अभ्यासकाला वेगळे सांगण्याची गरज नाही. पुण्यातील पेशवे दप्तराचे मोडी कागद टिकले, शाई टिकली. पण विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोडी शिक्षणातून आणि व्यवहारातून गेली आणि ते वाचू शकणारी माणसे विरळ झाली. गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात त्या दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले, ही मोठीच कामगिरी होय. तरी संपूर्ण दप्तराच्या मानाने ती निवडच आहे. मोडीचे एक बरे आहे : ती शिकता येते, तिची वर्णमाला उपलब्ध आहे. एखाद्या कंपनीने गुपित ठेवलेल्या संचिका-स्वरूपाची वर्णमाला मात्र त्या कंपनीबरोबरच नाहीशी होऊ शकते.

संगणकाच्या क्षेत्रातील याचे सर्वपरिचित उदाहरण मायक्रोसॉफ्टच्या ‘एनटीबॅकअप’ या आज्ञावलीचे आहे. विंडोज एनटीपासून एक्सपीपर्यंत ती कार्यप्रणालीबरोबरच मिळत असे आणि बीकेएफ या विस्तारनामाच्या फाईली तयार करीत असे. २००७ साली सर्वसामान्यांसाठी बाजारात आलेल्या व्हिस्टामध्ये ती वगळण्यात आली. जुने बॅकअप केवळ उलगडण्यासाठी कंपनीला एक वेगळी आज्ञावली उपलब्ध करून द्यावी लागली. ज्यांना तिचा पत्ता होता त्यांचे काम झाले. इतरांपुढे प्रश्न उभा राहिला. येथे विशेष उद्बोधक आहे ते पुढील पाऊल. व्हिस्टा आणि विंडोज ७ मधील नव्या सोयीने फाईलींचा बॅकअप सुमारे २०० मेगाबाइटच्या साध्या झिप फाईलींमध्ये ठेवण्यास सुरुवात केली. म्हणजे ती आज्ञावली उद्या नाहीशी झाली तरी कोणीही ती फोल्डरे उघडून एकेक झिप उलगडू शकतो. काम कष्टाचे आहे, पण शक्य आहे. एकाच कंपनीच्या दोन लागोपाठच्या निर्णयांतील हे अंतर, प्रस्तुत लेखकाच्या मते, संपीडन-स्वरूपाच्या निवडीचा जवळजवळ संपूर्ण धडा आहे.

झिपचे सामर्थ्य कोठे आहे

झिपचा जन्म एका वादातून झाला. १९८८ मध्ये ‘आर्क’ स्वरूपाच्या मालक कंपनीने फिल कॅट्झ यांच्यावर दावा लावला. तडजोडीनंतर कॅट्झ यांनी १९८९ मध्ये नवे स्वरूप आणले आणि त्याचे तपशीलवार वर्णन सर्वांसाठी खुले केले. त्यातील डिफ्लेट ही प्रमुख पद्धत पुढे १९९३ च्या सुमारास रूढ झाली आणि १९९६ मध्ये इंटरनेटच्या प्रमाणपत्रिकांत आरएफसी १९५१ म्हणून नोंदली गेली. लेम्पेल आणि झिव्ह यांची १९७७ ची कल्पना व हफमनची १९५२ ची संकेतपद्धती यांचा तो संयोग आहे. शास्त्रीय दृष्ट्या आज त्यात नवे काही नाही. मागे वळून पाहण्याची तिची मर्यादा अवघी ३२ किलोबाइट आहे, आणि एलझेडएमएसारख्या नंतरच्या पद्धती तिला दाटपणात सहज मागे टाकतात.

तक्त्यांमध्ये म्हणूनच डिफ्लेट खालच्या रांगेत दिसते. परंतु तक्त्यांमध्ये एक गोष्ट कधीच दिसत नाही. महाविद्यालयाच्या बॅकअपमध्ये असते काय, ते पाहू. बहुतांश पीडीएफ, वर्ड आणि एक्सेलच्या फाईली, स्कॅन केलेली प्रमाणपत्रे, कार्यक्रमांची छायाचित्रे. यांपैकी डॉक्स आणि एक्सएलएसएक्स या फाईली स्वतःच झिप आहेत. त्यांचे विस्तारनाम बदलून झिप केले तर त्या उघडतात आणि आतील भाग दिसतात. ओडीटी आणि ईपब यांचेही तसेच. पीडीएफच्या आतील मजकूर बहुधा डिफ्लेटनेच दाबलेला असतो. पीएनजी चित्रेही डिफ्लेटवरच चालतात. याचा अर्थ असा, की ज्या भविष्यकालीन यंत्राला आपली पीडीएफ वा वर्ड फाईल वाचता येईल, त्या यंत्रात डिफ्लेट उलगडण्याची सोय असलीच पाहिजे. बॅकअपचे बाहेरचे वेष्टन डिफ्लेटचे ठेवल्याने आपण कोणताही नवा धोका पत्करत नाही. ते एलझेडएमए वा अन्य पद्धतीचे ठेवले, तर आतल्या आणि बाहेरच्या अशा दोन किल्ल्या जपाव्या लागतात.

दुसरी बाजूही याच वस्तुस्थितीतून निघते. आतील सामग्री आधीच दाबलेली असल्याने बाहेरून कितीही बलवान पद्धत लावली तरी हाती फारसे लागत नाही. जेपीईजी छायाचित्रांचे फोल्डर झिपने दाबा वा सेव्हन-झेडने, फरक नाममात्रच राहतो. तेव्हा ज्या गुणासाठी नव्या स्वरूपांची शिफारस होते, तो गुण आपल्या दप्तराच्या मोठ्या भागाबाबत जवळपास लागूच पडत नाही.

अपवाद आहे, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. ग्रंथालयाच्या आणि प्रवेशाच्या आज्ञावल्यांमधून निघणारी माहितीसंचाची फाईल निव्वळ मजकूर असते. देवनागरी मजकुराचे येथे एक वैशिष्ट्य आहे. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येक देवनागरी चिन्हाला तीन बाइट लागतात, तर रोमन अक्षराला एक. म्हणून मराठी ग्रंथसूची इंग्रजीच्या मानाने फुगलेली दिसते. मात्र त्या तीन बाइटांपैकी पहिला नेहमी तोच असतो आणि दुसऱ्याला दोनच पर्याय असतात. ही पुनरुक्ती कोणतीही संपीडन-पद्धत ओळखते, आणि फुगवट्याचा बराच भाग डिफ्लेटही काढून टाकते. कोहा या मुक्त ग्रंथालय-प्रणालीच्या नेहमीच्या बॅकअपमधून निघणारी एसक्यूएल फाईल जीझिपमध्ये, म्हणजे डिफ्लेटमध्येच, असते. ही तडजोड विचारपूर्वक केलेली वाटते. एक्सझेडने ती आणखी आकसेल हे खरे. पण काही मेगाबाइटची बचत हे त्या ठिकाणी निर्णायक कारण ठरू शकत नाही.

‘झिप’ म्हणजे नेमकी कोणती झिप ?

झिपची बाजू घेताना तिच्या समर्थकांकडून एक सोयीस्कर मौन पाळले जाते. झिप हे एक स्वरूप नाही, ते एक कुटुंब आहे. मूळ रचनेत एका संग्रहात ६५,५३५ फाईली आणि ४ गिगाबाइट एवढीच मर्यादा होती. २००१ मध्ये झिप-६४ या विस्ताराने ती दूर केली. मात्र त्याच वर्षी आलेल्या विंडोज एक्सपीच्या अंगभूत सोयीला झिप-६४ कळत नव्हते. पुढे अधिकृत तपशिलात बीझिप२, एलझेडएमए, झेडस्टँडर्ड या पद्धतींनाही स्थान मिळाले. त्यामुळे विस्तारनाम झिप असूनही जुन्या यंत्रावर न उघडणारी फाईल सहज तयार होऊ शकते. कूटबद्धतेचेही तेच. जुनी पद्धत १९९४ मध्ये बिहॅम आणि कोचर यांनी दुबळी ठरवली. नंतर आलेली एईएस पद्धत भक्कम आहे, पण विंडोजच्या अंगभूत सोयीला तशी झिप दीर्घकाळ उघडता येत नसे.

यावर उपाय आहे. कागदपत्रांच्या वेष्टनासाठी २०१५ मध्ये आयएसओ/आयईसी २१३२०-१ हे मानक प्रसिद्ध झाले. त्याने झिपचा जाणीवपूर्वक संकोच केला. फाईल एकतर जशीच्या तशी ठेवावी किंवा डिफ्लेटने दाबावी. कूटबद्धता नाही, अनेक खंडांत विभागणी नाही. ही संकुचित झिप हीच खरी सुसंगत झिप होय. गोपनीयता हवी असेल तर ती संपूर्ण डिस्कच्या पातळीवर वा कुलपाच्या कपाटात साधावी. संग्रहाच्या आत ती साधू नये.

रार या लोकप्रिय स्वरूपाचा येथे थोडक्यात परामर्श पुरेसा आहे. त्याची मोडतोड-दुरुस्तीची सोय उत्तम आहे. परंतु दाबण्याची पद्धत खासगी मालकीची आहे, आणि उलगडण्याची उपलब्ध संहिता वापरून तीच दाबण्याची पद्धत घडवण्यास परवाना मनाई करतो. २०१३ मध्ये रार-५ आल्यावर तेच विस्तारनाम असलेल्या नव्या फाईली जुन्या आज्ञावल्यांना उघडेनाशा झाल्या. सार्वजनिक दप्तरासाठी हे पुरेसे कारण आहे.

देवनागरी नावांचा प्रश्न

इंग्रजीतील तुलनात्मक लेखनात ज्याला जवळपास स्थानच नाही, असा हा मुद्दा मराठी कार्यालयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. झिपच्या मूळ रचनेत फाईलचे नाव आयबीएमच्या ४३७ क्रमांकाच्या वर्णसंकेतात लिहिले जाई. त्यात देवनागरीला जागा नाही. २००६ च्या तपशिलात ‘हे नाव यूटीएफ-८ मध्ये आहे’ असे सांगणारी एका बिटाची खूण आली. ती खूण न लावता लिहिलेले मराठी नाव जुन्या आज्ञावलीने उघडले की ग्रीक ‘आल्फा’ आणि स्पॅनिश ‘एन्य’ यांची रांगच्या रांग दिसते. देवनागरीच्या त्या पुनरुक्त पहिल्या-दुसऱ्या बाइटांची ती रूपे होत. काही आज्ञावल्या तर न कळलेल्या प्रत्येक चिन्हाजागी एकच खूण टाकतात. तेव्हा सारख्या लांबीची दोन नावे एकरूप होऊन एक फाईल दुसरीवर लिहिली जाण्याचा धोका असतो. मजकूर शाबूत, पण कोणत्या वर्षाची कोणत्या वर्गाची गुणपत्रिका हे सांगणारे नावच गेले, तर हजारो स्कॅन एकेक उघडून पाहावे लागतील.

नावाच्या लांबीचाही प्रश्न आहे. लिनक्सवरील नेहमीच्या ईएक्सटी-४ मांडणीत नावाला २५५ बाइटांची मर्यादा असते, म्हणजे देवनागरीची ८५ चिन्हे. विंडोजच्या एनटीएफएस मांडणीत मात्र २५५ चिन्हे बसतात. ‘विद्यार्थ्यांची’ हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो. संगणकाच्या हिशेबात काना, मात्रा, हलन्त, अनुस्वार सुटे मोजून ती पंधरा चिन्हे, म्हणजे ४५ बाइट होतात. कार्यालयात सहज दिले जाणारे दहा-बारा शब्दांचे नाव विंडोजवर चालते, झिपमध्ये जाते आणि लिनक्सच्या सर्व्हरवर उलगडताना अडते. जुन्या टार रचनेतील मुख्य नाव-रकान्याची मर्यादा तर १०० बाइट, म्हणजे जेमतेम ३३ चिन्हे होती. २००१ च्या पॉझिक्स मानकातील पॅक्स विस्ताराने ती अडचण दूर केली. हे दोष संपीडनाचे नाहीत, असे कोणी म्हणेल. तांत्रिक दृष्ट्या ते खरे आहे, पण बॅकअप उलगडणाऱ्याच्या दृष्टीने संपीडन, संग्रह आणि नाव या तिन्ही गोष्टी मिळूनच ‘स्वरूप’ होते.

दाटपणाची किंमत

इगोर पावलोव यांनी १९९९ पासून विकसित केलेली सेव्हन-झिप ही आज्ञावली गुणवत्तेत निःसंशय श्रेष्ठ आहे, आणि तिची संहिताही खुली आहे. तिचे यश बरेचसे ‘घन’ संपीडनात आहे : अनेक फाईली एकामागे एक जोडून त्यांचा एकच प्रवाह दाबला जातो, त्यामुळे फाईलीफाईलींमधील साम्यही वसूल होते. झिपमध्ये प्रत्येक फाईल स्वतंत्र दाबली जाते, म्हणून ती सैल राहते. परंतु डिस्कवरील एखादा भाग खराब झाला की हिशेब उलटतो. झिपमध्ये बहुधा तेवढीच फाईल जाते. घन प्रवाहात त्या ठिकाणापासून पुढचे सारेच धोक्यात येते. टारवर जीझिप वा एक्सझेड लावल्यावरही अशीच स्थिती होते. बीझिप२ ने १९९६ मध्येच यावर तोड काढली होती. ती ९०० किलोबाइटपर्यंतचे स्वतंत्र खंड करते आणि शाबूत खंड वेगळे काढण्याची आज्ञा तिच्यासोबतच मिळते. वेगाने मंद असल्यामुळे ती मागे पडली, हे वेगाच्या निकषाने एका खऱ्या गुणावर केलेले अन्यायाचे उदाहरण मानावे लागेल.

एक्सझेडविषयी अधिक सांगणे आवश्यक आहे. २००९ मध्ये आलेल्या या स्वरूपाची रचना दीर्घकालीन जतनासाठी अपुरी आहे, अशी सविस्तर टीका लझिप या स्वरूपाचे कर्ते आंतोनियो दियाझ दियाझ यांनी केली. टीकाकार प्रतिस्पर्धी स्वरूपाचा निर्माता आहे, हे ध्यानात ठेवून ती वाचावी. वाचू मात्र नये असे नाही. मार्च २०२४ मध्ये वेगळाच प्रकार उघडकीस आला. एक्सझेड युटिल्सच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत, दीर्घकाळ विश्वास संपादन केलेल्या एका सहकाऱ्याच्या हातून, चोरवाट घातली गेली होती. दूरस्थ प्रवेशाला किंचित अधिक वेळ का लागतो याचा शोध घेताना आंद्रेस फ्रॉइंड यांना ती सापडली. यात स्वरूपाचा दोष नव्हता आणि जुन्या एक्सझेड फाईली तितक्याच सुरक्षित राहिल्या. पण एका अत्यंत प्रचलित स्वरूपाची प्रमुख संहिता अक्षरशः एक-दोन स्वयंसेवकांच्या खांद्यावर उभी होती, हे त्यातून दिसले. डिफ्लेट उलगडणाऱ्या स्वतंत्र संहिता अनेक आहेत. झेडलिबच्या कर्त्यांपैकी मार्क अ‍ॅडलर यांनी लिहिलेली ‘पफ’ ही उलगडणी हजारापेक्षा कमी ओळींची आहे, आणि संगणकशास्त्राच्या पदवी वर्गातील चांगला विद्यार्थी ती वाचून समजू शकतो. गरज पडल्यास मूळ वर्णनावरून पुन्हा लिहिता येण्याजोगे असणे, हा जतनाच्या दृष्टीने फार मोठा गुण आहे.

यान कोले यांनी फेसबुकमध्ये असताना २०१६ मध्ये आणलेले झेडस्टँडर्ड या सर्वांत आश्वासक. वेग आणि दाटपणा यांचा मेळ उत्तम आहे, वर्णन खुले आहे आणि ते आरएफसी ८८७८ म्हणून नोंदलेलेही आहे. रोजच्या रोज घेतल्या जाणाऱ्या आणि महिनाभरात पुसल्या जाणाऱ्या बॅकअपसाठी त्याच्याइतके योग्य दुसरे नाही. रेस्टिक या बॅकअप-आज्ञावलीने २०२२ मध्ये तेच स्वीकारले. मात्र त्याचबरोबर तिच्या संग्रहाची आवृत्तीही बदलली आणि जुन्या रेस्टिकला नवे संग्रह वाचता येईनासे झाले. महिन्याच्या मुदतीत याने काही बिघडत नाही. कायमस्वरूपी दप्तराला तेच बाधक ठरते. रोजचा बॅकअप आणि कायमचे दप्तर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दोहोंसाठी एकच स्वरूप निवडण्याचा आग्रह हेच बऱ्याच गोंधळाचे मूळ आहे.

खरेदीच्या वेळी

तेव्हा परीक्षा विभागाचे निकाल, सेवापुस्तिका, इतिवृत्ते आणि प्रबंध यांच्या वार्षिक प्रतीसाठी २१३२०-१ च्या मर्यादेतील झिप आणि माहितीसंचासाठी जीझिप, असा कौल प्रस्तुत लेखक देईल. पूर्वीच दाबलेली छायाचित्रे व पीडीएफ त्याच झिपमध्ये न दाबता ठेवावीत. वेळ वाचतो आणि काही गमावले जात नाही. झिपमधील सीआरसी-३२ ही बेरीज फाईल बिघडल्याचे सांगते, ती दुरुस्त करीत नाही. म्हणून पार२ सारख्या दुरुस्ती-फाईली सोबत ठेवणे किंवा सरळ दुसरी प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवणे आवश्यक ठरते.

महाविद्यालयाने बॅकअपची आज्ञावली विकत घेताना मागणीपत्रात सामान्यतः साठवणक्षमता, वेळापत्रक आणि सेवेची मुदत लिहिलेली असते. त्यात आणखी दोन कलमे घालता येतील. पहिले : तयार होणारा बॅकअप विक्रेत्याच्या आज्ञावलीशिवाय, कार्यप्रणालीच्या अंगभूत सोयीने उघडता आला पाहिजे. विंडोज १० मध्ये २०१८ पासून टार ही आज्ञा अंगभूत आहे आणि विंडोज ११ मध्ये २०२३ पासून सेव्हन-झेड व रारही उघडतात, त्यामुळे ही अट आज पूर्वीइतकी कठीण राहिलेली नाही. दुसरे : देयक मंजूर करण्यापूर्वी विक्रेत्याने लांब मराठी नावे असलेल्या शंभर फाईलींचे एक फोल्डर विंडोजवर बॅकअप करून, त्याची आज्ञावली नसलेल्या लिनक्सच्या संगणकावर कार्यालय अधीक्षकांसमोर उलगडून दाखवावे.